त्रिकोण उलटा केला तर?

चार वर्षांच्या मुलाला त्रिकोण ओळखता येतो की नाही यावर दोन शहाणी माणसं तासभर वाद घालू शकतात, हे मला आचोळ्यात राहायला आल्यावर कळलं. वाद घालणाऱ्या दोघीही आमच्याच इमारतीतल्या. एक बाई. त्यांनी तरुणपणी कोसबाडला बालसेविकेचं प्रशिक्षण घेतलं, डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे इथं आल्या. दुसरी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत प्लेग्रुप आणि नर्सरी चालवते. अजून तिशीही गाठलेली नाही, बालशिक्षणाची पदविका घेतलेली आहे. तिला मुलं टीचर म्हणतात, मुलांचे आईबाप टीचर म्हणतात, कोपऱ्यावरचे रिक्षावालेही टीचर म्हणतात. मग मीही तेच म्हणतो.

आचोळे हे नालासोपारा पूर्वेचं जुनं गाव. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हापासून ते शहरात मोडतं, आणि गाव म्हणून ओळखू यावं असं त्यात आता फार काही उरलेलं नाही. टीचरच्या चटईवर घरी हिंदी, भोजपुरी, गुजराती, मराठी आणि मालवणी बोलणारी मुलं मांडीला मांडी लावून बसतात. भिंतीवर आकारांचा नवा तक्ता लागला, आणि वादाला तिथूनच तोंड फुटलं.

बाई : हा तक्ता नवा दिसतो.

टीचर : दादरहून आणला. लॅमिनेटेड आहे, बाई. मार्करनं लिहिलेलं पुसतासुद्धा येतं.

बाई : मग त्यातला त्रिकोण पुसून टाक.

टीचर : का? त्यानं काय केलं तुमचं?

बाई : माझं काही नाही केलं, मुलांचं करतोय. वर्षभर पोरं हा एकच त्रिकोण बघणार. खाली सपाट बूड, वर बरोबर मधोमध टोक, तिन्ही बाजू सारख्या. त्यांना वाटणार, असा असतो तोच त्रिकोण.

टीचर : सुरुवात कुठून तरी करावीच लागते ना? 'अ' शिकवताना आपण दहा तऱ्हांनी वळवलेले 'अ' दाखवतो का?

बाई : 'अ' उलटा केला तर तो 'अ' राहत नाही. त्रिकोण उलटा केला तरी त्रिकोणच राहतो. अगं, फरक आहे तो तिथंच.

या वाक्याशी मी थोडा थांबलो. त्याच वयात, त्याच खोलीत, त्याच मुलाला आपण दोन उलट गोष्टी शिकवत असतो. सहा फिरवला की नऊ होतो, म्हणून अंक आणि अक्षरं सरळच बघायची. आकार मात्र कसाही फिरवला तरी तोच. मुलाला हे कुणी सांगत नाही. त्यानं ते आपलं आपण ओळखावं अशी आपली अपेक्षा असते, आणि ते चुकलं की आपण त्याला कच्चं ठरवतो.

टीचर सहजासहजी ऐकणारी नाही. ती म्हणाली, माझी पोरं हुशार आहेत, विचारून बघा. शाळा सुटली होती, एकाची आई यायला उशीर झाला होता, आणि तो मुलगा शटरपाशी चप्पल घालून उभा होता. बाईंनी खोक्याच्या पुठ्ठ्याचा कापलेला चौरस त्याच्यासमोर फरशीवर ठेवला.

"ये क्या है?"

"स्क्वेअर." उत्तर झटक्यात आलं. टीचरनं आमच्याकडे बघितलं.

बाईंनी एका बोटानं पुठ्ठा हळूहळू फिरवला. कोपरा त्याच्या पायाकडे आला तशा थांबल्या.

"अब?"

"डायमंड."

"स्क्वेअर कहाँ गया?"

मुलगा खाली बसला. पुठ्ठा उचलून त्यानं खाली बघितलं. खाली फरशीच होती. मग त्यानं स्वतःच तो परत सरळ ठेवला आणि म्हणाला, "वापस आ गया."

टीचर : बाई, हे मला पदविकेला होतं. १९५७ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन हिले नवरा-बायकोंनी यावरच प्रबंध लिहिले. दोघंही शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या मते भूमितीची समज पायरीपायरीनं चढते, आणि पहिल्या पायरीवर मूल आकाराचे गुणधर्म बघतच नाही, सगळा आकार एकदम बघतं. दारासारखा दिसतो म्हणून आयत, पतंगासारखा दिसतो म्हणून डायमंड. म्हणजे हा जे बोलला ते त्याच्या वयाला धरूनच आहे. त्याला नापास करू नका.

बाई : मी कुठं त्याला नापास केलं? मी तक्त्याला केलं.

टीचर : तक्ता काढला तर पालक मला नापास करतील. जूनमध्ये ॲडमिशन घेतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधी विचारतात, "टीचर, अभी तक क्या सिखाया?" बाप सकाळची लोकल पकडतो, रात्री घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं. रविवारी त्यानं मुलाला मांडीवर घ्यावं आणि मुलानं सर्कल, ट्रँगल, स्क्वेअर म्हणून दाखवावं, एवढंच त्या माणसाला हवंय. आणि पुढं मोठ्या शाळेत विचारतात, ते वेगळंच.

बाई : विचारायची बंदी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ वाच. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची चाळणी लावायची नाही.

टीचर : म्हणून तर आता मुलाखत नसते, 'इंटरॅक्शन' असतं. टेबलावर रंगीत लाकडी तुकडे मांडलेले असतात आणि मॅडम गोड आवाजात विचारतात, "बेटा, व्हॉट शेप इज धिस?"

यावर बाई काही बोलल्या नाहीत. कायदा त्यांच्या बाजूनं होता आणि टेबल टीचरच्या.

मग त्या कोसबाडवर आल्या. यायच्याच होत्या. पालघर जिल्ह्यात बालशिक्षणावर बोलायचं आणि कोसबाडवर यायचं नाही, हे जमण्यासारखं नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं. तो सगळा अनुभव घेऊन १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा.

बाई : मॉन्टेसरीबाईंची साधनं लाकडाची, घोटीव, मापाबरहुकूम. आणि महाग. ताराबाईंनी तीच कल्पना घेतली आणि वस्तू बदलल्या. खडे, शंख, शिंपले, पानं, बिया, काटक्या. साधन दुकानातून आणायचं नाही, मूल जिथं आहे तिथूनच उचलायचं. आम्हाला प्रशिक्षणात तेच शिकवलं. तुझा तक्ता दादरहून आला. तो डोळ्यांना कळतो, हाताला कळत नाही.

टीचर : एक विचारू? रागावू नका. शिंपला कुठल्या आकाराचा असतो?

बाई : म्हणजे?

टीचर : वर्तुळ नाही, त्रिकोण नाही. पान कुठल्या आकाराचं? खडा? बाई, तुमच्या त्या टोपलीत मुलं वस्तू निवडायला शिकतात, लहान-मोठं लावायला शिकतात, हात तयार होतो. हे सगळं मान्य. पण सरळ रेघ आणि कोपरा त्यात आहेच कुठं? निसर्गात मला एक चौकोन दाखवा. पाड्यावरच्या मुलाला चौकोन शोधावा लागत असेल. माझ्या मुलांना चौकोनाबाहेर पडायला जागा नाही. फरशी चौकोनी, खिडकीची ग्रिल चौकोनी, शटर, लिफ्ट, जिन्याचा लँडिंग, पाण्याची टाकी. सांगा, यांना शिंपले कशाला?

हा घाव वर्मी लागला. शेवटी मूळ आकार म्हणतो ते माणसानं बनवलेल्या जगाचे आकार आहेत, आणि त्या हिशेबानं आचोळ्यातल्या मुलाचा परिसर जंगलातल्या मुलापेक्षा भूमितीनं जास्त भरलेला आहे. याची एक गंमतही आहे. हीच मुलं कागदावर घर काढतात तेव्हा चौकोनावर उतरतं छप्पर चढवतात, मागे दोन डोंगर आणि मधे सूर्य. आमच्या रस्त्यावर उतरत्या छपराचं घर शोधून सापडायचं नाही. ते घर पुस्तकातून आलेलं असतं. मुलं जे रोज बघतात ते काढत नाहीत. काढायचं असतं म्हणून जे शिकवलेलं असतं, ते काढतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई भिंग आणि वाटीत चमचाभर जाडं मीठ घेऊन आल्या. वसई पट्ट्यात मिठागरं आहेत, जाडं मीठ इथल्या घरांत लोणच्यापुरतं तरी असतंच. काळ्या कागदावर चार खडे टाकून त्यांनी टीचरला आधी बघायला लावलं. मग मीही बघितलं. खाऱ्या पाण्यात सावकाश वाढलेला मिठाचा खडा म्हणजे चक्क ठोकळा असतो. कडा सरळ, कोपरे काटकोनात. काही खड्यांच्या बाजू मधे खोलगट असतात आणि त्या खोलगटात जिन्यासारख्या बारीक चौकोनी पायऱ्या उतरत जातात.

बाई : घे तुझा चौकोन. निसर्गातला.

टीचर : हा एक झाला.

बाई : एकच मागितला होतास.

इथं दोघी हसल्या. पण टीचरचा मुद्दा मिठानं विरघळला नाही, आणि बाईंनाही ते कळत होतं.

टीचर : परिसरातून शिकवण्याचं आणखी एक सांगते. आपण काय म्हणतो? त्रिकोण म्हणजे समोसा. गोल म्हणजे पापड. माझ्याकडची मुलं लोकलमधल्या लटकत्या कड्या बघून 'ट्रँगल, ट्रँगल' ओरडतात. पण समोसा फुगलेला असतो आणि कडीचे कोपरे गुळगुळीत, वळवलेले. दोन्हीत एक खरा कोपरा नाही. समोसा म्हणजे त्रिकोण असं शिकलेलं मूल पुढं फुगीर बाजूचा आकारही त्रिकोण म्हणूनच उचलतं. उलट लांबुळका, तिरका, खरा त्रिकोण दिला तर म्हणतं, हा नाही.

बाई : हे तू बघितलंस?

टीचर : मी बघितलंय, आणि तपासलेलंही आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत डग्लस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आकारांनी भरलेले कागद दिले आणि खुणा करायला सांगितल्या. वर्तुळ जवळजवळ सगळ्यांना आलं, चौरसही बहुतेकांना. त्रिकोणात उत्तरं साठ टक्क्यांच्या आसपास बरोबर, आयतात त्याहून कमी. वर्तुळ कसंही फिरवा, एकसारखंच दिसतं, म्हणून तिथं घोटाळा नाही. त्रिकोणाच्या तऱ्हा मोजता येत नाहीत, आणि आपण दाखवतो एक.

बाई : मग मी काल आणखी काय म्हणत होते?

टीचर : तेच म्हणत होतात. पण तुम्ही माझ्या तक्त्याला म्हणत होतात, मी तुमच्या समोशाला म्हणते.

मला वाटतं, या भांडणातलं खरं दुखणं इथंच होतं. साधन छापील की हातचं, इंग्रजी की मराठी, हा मुद्दा दुय्यम. तक्त्यावरचा त्रिकोणही एकटा आणि समोसाही एकटाच. मुलाला पुष्कळ त्रिकोण लागतात: उंच, बसके, तिरके, उलटे, कागदाच्या कोपऱ्यात मावतील असे आणि फरशीवर खडूनं काढल्यावर आत उभं राहता येईल असे. आणि त्यांच्या शेजारी त्रिकोण नसलेलेही लागतात. ते नसतील तर त्रिकोण कुठं संपतो हे त्याला कधीच कळत नाही.

मॉन्टेसरीबाईंना हे ठाऊक असावं. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत आकारांचं एक कपाट असतं, त्याचा एक सबंध खण नुसत्या त्रिकोणांचा. समभुज, समद्विभुज, काटकोनी, विशालकोनी, प्रत्येक आपापल्या साच्यात बसणारा. मूल दोन बोटांनी आधी तुकड्याची कड चाचपतं, मग साच्याची, आणि मग तुकडा बसवतं. चुकलं तर तो बसतच नाही. शिकवणाऱ्यानं सांगावं लागत नाही. अशा कपाटाची किंमत आचोळ्यातल्या दोन खोल्यांच्या नर्सरीला झेपणारी नाही. पण खोक्याचा पुठ्ठा फुकट मिळतो, आणि इथं बाईंची कोसबाडची सवय कामाला आली.

त्यांनी आणि टीचरनं मिळून पुठ्ठ्यातून आकारांचा ढीग कापला. खरे त्रिकोण बरेच. त्यांत काही लबाड. एकाची एक बाजू फुगीर, एकाचं टोक छाटलेलं म्हणजे खरं तर चार बाजूंचा, एकाचे कोपरे लोकलच्या कडीसारखे गोलसर. सुतळीची दोन कडी मांडली: या कड्यात त्रिकोण, त्या कड्यात बाकीचे. मुलांनी ठेवायचं आणि का ते सांगायचं. छाटलेल्या टोकाच्या तुकड्यावर दोन मुलींची जुंपली. एक म्हणाली, "इसका नोक टूट गया." दुसरीनं बाजू मोजल्या, बोट लावून, एक-एक करत, आणि "चार" म्हणून तो बाहेर टाकला. पहिलीनं परत आत ठेवला. तुटला म्हणून काय झालं, आहे तर ट्रँगलच! टीचरनं मधे तोंड घातलं नाही. एरवी ती घालते.

बाई : बघ. मोजलं. तक्त्यापुढं उभं राहून कुणी मोजतं का?

टीचर : मोजलं, कारण 'बाजू' आणि 'कोपरा' हे शब्द मी आधी दिले होते. तुम्ही नुसता ढीग दिला असता तर त्यांनी रंगावरून वाटण्या केल्या असत्या. बाई, नाव आधी द्यायचं नाही, आपोआप येईल, असं तुमच्या वेळचे लोक म्हणायचे. ज्याच्या घरी आई गोष्टी सांगते, बाप पुस्तकं आणतो, त्याला आपोआप येतं. बाकीच्यांना आपणच द्यावं लागतं.

या बाबतीत माझं मत टीचरच्या बाजूनं. अनुभवातून सगळं उमलतं असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा शब्दांचा सुकाळ असतो. कोपरा, बाजू, सरळ, वाकडी, आत, बाहेर, तिरपं, समोरासमोर हे शब्द हातात आले की मुलाला दिसणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवता येतं. आणि ते घरच्या भाषेत यावेत. पुढच्या शाळेत 'साइड' आणि 'कॉर्नर' काय, दोन दिवसांत जमतं.

पेन्सिलीच्या बाबतीत मात्र बाईंपुढं कुणाचं काही चालत नाही.

टीचर : शुक्रवारी वर्कशीट असते. ठिपके जोडून आकार पुरा करायचा, मग रंग भरायचा. त्यात तर काही वाईट नाही?

बाई : कितव्या वर्षी?

टीचर : नर्सरी. साडेतीन, चार.

बाई : आणि आकार कुठले?

टीचर : सर्कल, स्क्वेअर, ट्रँगल, डायमंड.

बाई : डायमंड! अगं, साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या पुढंमागं चौकोन, पाचव्याच्या आसपास त्रिकोण. तिरक्या रेघांचा तो डायमंड सहा-सात वर्षांशिवाय हाताला येत नाही. बालरोगतज्ज्ञसुद्धा मुलाची वाढ बघताना ही फूटपट्टी वापरतात. ओळखता येणं पुष्कळ आधी असतं, काढता येणं पुष्कळ नंतर. तू चौथ्या वर्षी त्याच्या हातून डायमंड काढून घेतेस आणि वाकडा आला की आई घरी त्याचा हात धरून गिरवून घेते. मग तो शुक्रवारी पोट दुखतंय म्हणतो.

टीचर : असा एक आहे.

बाई : असणारच.

टीचर : पण वहीत काहीच नसलं तर पालक म्हणतात, दिवसभर नुसतं खेळवता.

बाई : मग ठसे दे वहीत. काडेपेटी रंगात बुडव आणि सहाही बाजूंनी उमटव. तीन मापांचे आयत मिळतील, प्रत्येक दोनदा. डब्याचं बूड बुडव, वर्तुळ मिळेल. तोच डबा आडवा करून लोळव, मग काय उमटतं ते पोरांनाच विचार. वहीही भरते आणि ठोकळ्याला सपाट बाजू असतात हेही कळतं. फ्रोबेल जर्मनीत १८३७ पासून हेच सांगत आला. किंडरगार्टन हे नाव त्यानंच पुढं दिलेलं. तो कागदावरच्या आकारापासून सुरू करतच नाही. आधी लोकरीचा चेंडू. मग लाकडी गोल, ठोकळा आणि दंडगोल. ठोकळा दोऱ्याला टांगून गरागरा फिरवला की दंडगोलासारखा दिसतो, हे तो मुलांना दाखवायचा. सपाट आकार त्यानंतर येतात, रेघ त्याच्याही नंतर. आपण नेमकं उलटं चालतो. रेघेपासून.

टीचरनं ठसे घेतले. वर्कशीट बंद केली नाही; डायमंड तेवढा काढला. बाईंना हे पुरेसं वाटलं नाही, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

एक गुंता मात्र दोघींनाही सुटला नाही. एका मुलानं आयतांच्या कड्यात चौरस नेऊन ठेवला. टीचर 'नाही' म्हणणार एवढ्यात बाईंनी तिचा हात धरला. चार बाजू, चारही कोपरे काटकोनी, म्हणजे चौरस हा आयतच आहे; फक्त त्याच्या चारही बाजू सारख्या. पाचवी-सहावीत हेच शिकवायचं आणि नर्सरीत त्यावर फुली मारायची, म्हणजे एका वर्गानं दुसऱ्या वर्गाचं काम वाढवून ठेवायचं.

टीचर : पण मग चार वर्षांच्या मुलाला सांगू काय? "हाही आयतच" म्हटलं तर तो उद्या स्क्वेअर म्हणायचं सोडून देईल.

बाई : सांगू काहीच नकोस. नाही म्हणू नकोस, एवढंच.

टीचर : आणि इंटरॅक्शनमध्ये मॅडम नाही म्हणाल्या तर?

बाईंकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

वारलीचा विषय टीचरनंच काढला. बाईंनी काढला असता तर तो अभिमानाचा झाला असता. टीचरनं कामाचा केला. पालघर जिल्ह्यात शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर वारली चित्रं दिसतात, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून तर कपांवर, पिशव्यांवर, सगळीकडे. तिनं एका माणसाच्या आकृतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, यात त्रिकोण किती? दोन. खांद्यापासून कमरेपर्यंतचा उलटा, कमरेखालचा सुलटा, आणि दोघांची टोकं एकमेकांना टेकलेली. या जिल्ह्यातल्या बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं पालघट देवीचा चौक लिहीत आल्या आहेत, आणि त्या चौकाभोवती माणसं काढताना उलटा त्रिकोण त्यांच्या हातून रोज उतरत होता. दादरच्या तक्त्याला तो सुचला नाही.

बाई यावर एवढंच म्हणाल्या, "लग्नाचा चौक रोज कोण लिहितं? पण बाकी बरोबर बोललीस."

मग दोघींनी मिळून काही गोष्टी केल्या, त्यांतली एक मला फार आवडली. एका मुलाचे वडील इथल्याच गाळ्यात फॅब्रिकेशनचं काम करतात. त्यांनी पत्र्याच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कडा घासून आणि टोकांना भोकं पाडून दिल्या, वर मूठभर नटबोल्ट. चार पट्ट्या जोडून चौरस केला आणि कोपरा दाबला की तो लवतो, तिरका होतो, पार मिटतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण कितीही दाबा, जागचा हलत नाही. मुलांनी सगळं वजन टाकून बघितलं. ते वडील दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "शेड की कैंची में इसलिए तिकोन डालते हैं." छपराच्या लोखंडी कैचीत त्रिकोण का असतात हे त्यांना पंधरा वर्षं हातानं माहीत होतं, ते शिकवण्यासारखं काही आहे असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मुलाला आकाराचं नाव विचारण्यापेक्षा तो तिथं का आहे हे विचारणं केव्हाही बरं, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

हिवाळ्यात मुलं सोपाऱ्याचा स्तूप बघायला गेली. पश्चिमेला तो विटांचा जुना ढिगारा आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथं खोदलं तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा. मुलांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. बाईंनी त्यांना स्तूपाभोवती एक फेरी मारायला लावली, मग विचारलं, कोपरा कुठं लागला? एकालाही लागला नव्हता. वर्तुळाची याहून चांगली व्याख्या त्या वयाला मी तरी ऐकलेली नाही.

तक्ता अजून भिंतीवर आहे. मधे एकदा टीचरनं तो मुद्दाम उलटा टांगला होता; तिसऱ्याच दिवशी एका आजोबांनी खुर्चीवर चढून सरळ केला.

आता वाचकांना एक विनंती. घरात नवा मिक्सर, पंखा किंवा बूट आले की खोका भंगारवाल्याला देऊ नका. जाड पुठ्ठा, रिकाम्या काडेपेट्या, गोल डबे, सुतळी हे सगळं जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत नेऊन द्या. बहुतेक अंगणवाड्यांना साधनांसाठी मिळणारा पैसा अपुरा असतो. वेळ असेल तर अर्धा तास बसून कात्रीनं त्रिकोण कापून द्या. सगळे वेगवेगळे कापा, आणि दोन-चार लबाड.